जुन्या वेल्डिंग-यंत्राची कुळकथा

अमेरिकेतील ओहायो किंवा विस्कॉन्सिन राज्यात एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या पश्चात त्याच्या अवजारांचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा नांगर, पंप आणि साखळदंड यांच्या रांगेत पुष्कळदा एक लाल लोखंडी पेटीही उभी असते. तिची वरची कड अर्धगोल असते. दर्शनी बाजूस एकच मोठी फिरती कळ, कळीभोवती ॲम्पियरचे आकडे, आणि तळाशी निघालेल्या दोन जाड काळ्या केबली, एवढाच तिचा थाट. आकार हुबेहूब ख्रिस्ती दफनभूमीतील शिळेसारखा असल्यामुळे तिकडील कारागिरांनी तिचे नावच 'टूमस्टोन', म्हणजे थडग्याचा दगड, असे ठेवून दिले आहे. क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीचे हे २२५ ॲम्पियरचे वेल्डिंग-यंत्र. नाव मरणाचे असले तरी यंत्र मात्र सहसा मरत नाही, आणि म्हणूनच घरच्या गॅरेजात हौसेने लोखंडकाम करू पाहणारा माणूस त्याच्यावर बोली लावावयास धजतो. त्याच्या वडिलांच्या, प्रसंगी आजोबांच्या वयाची ही वस्तू आपण घेतो आहोत, ती कोणासाठी घडविली गेली होती, आणि तिच्या पोटात काय दडलेले असू शकते, हे त्याला ठाऊक असले तर व्यवहार पदरात पडतो. नसले तर कधी पैसा जातो आणि कधी जिवावर बेतते.

या यंत्राची कुळकथा सव्वादोनशे वर्षांमागे जाते. १८०२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये वासिली पेट्रोव्ह या रशियन पदार्थविज्ञानवेत्त्याने प्रचंड विद्युत्-घटमाला उभारून कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये विजेची अखंड ज्वाला पेटविली, आणि तिच्या आचेने धातू वितळविता येतात हे त्याच वेळी नमूद करून ठेवले. इंग्लंडात हम्फ्री डेव्हीने अशाच प्रयोगांनी लोकांचे डोळे दिपविले. परंतु घटमालेतील वीज फार महाग, त्यामुळे ऐंशी वर्षे ही ज्वाला प्रयोगशाळेतच राहिली. डायनामो आला तेव्हा कोठे निकोलाय बेनार्दोस याने स्तानिस्लाव ओल्शेव्हस्की याच्या साहाय्याने कार्बनच्या कांडीने लोखंड सांधण्याची रीत सिद्ध केली, आणि १८८५ मध्ये तिचे ब्रिटिश पेटंट घेतले. पुढची पायरी रशियात निकोलाय स्लाव्ह्यानोव्हने १८८८ साली गाठली, आणि अमेरिकेत सी. एल. कॉफिन याने १८९० मध्ये तिचे पेटंट मिळविले. कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरावयाची, ती स्वतः वितळत जाऊन सांध्यात भर घालीत जाईल, अशी ही युक्ती. आजच्या कारागिराच्या हातातील वेल्डिंग-रॉडचा जन्म तो हाच.

मात्र ही उघडी कांडी फार दुर्गुणी होती. वितळलेले लोखंड हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखे शोषून घेई, आणि थंड झालेला सांधा दिसावयास धड पण गुणाने ठिसूळ निघे. यावरचा तोडगा स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गने काढला. गोथेनबर्ग बंदरात जहाजांच्या बाष्पित्रांची दुरुस्ती करताना त्याने लोखंडी तारेवर कार्बोनेटे व सिलिकेटे यांचा लेप चढविला. १९०४ साली त्याने स्थापन केलेली 'एसाब' कंपनी पुढे जगभर पसरली. लेप जळताना वायूचे आवरण निर्माण होते व हवा दूर राहते, आणि त्याची मळी सांध्यावर साय धरावी तशी जमून तापलेल्या धातूला झाकते. पण लेपाचा तिसरा एक उपकार आहे, आणि आपल्या लाल पेटीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. घराघरांतून येणारी वीज सेकंदास शंभर-सव्वाशे वेळा शून्यावर येते. उघड्या कांडीची ज्वाला त्या प्रत्येक क्षणी विझू पाहते. लेपातील पोटॅशियमसारखी द्रव्ये ती पुन्हा पेटती ठेवतात. असे रॉड हाती आले नसते, तर घरगुती विजेवर चालणारे स्वस्त यंत्र कल्पनेतच राहिले असते.

वेल्डिंगला प्रतिष्ठा लाभली ती युद्धामुळे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनी जहाजे हाती लागू नयेत म्हणून इंजिनांची बिडाची सिलिंडरे फोडून टाकली होती. नवी ओतावयाची तर काळ फार जाणार. म्हणून ती फुटकी सिलिंडरे विजेने सांधण्यात आली, आणि थोड्याच महिन्यांत तीच जहाजे अमेरिकन सैन्य घेऊन युरोपकडे निघाली. १९२० साली इंग्लंडात बर्कनहेडला 'फुलॅगर' हे संपूर्ण वेल्डिंगने बांधलेले समुद्रगामी जहाज पाण्यात उतरले. तरीही जुन्या रिव्हेटवाल्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलँडच्या गोदीत शांत पाण्यात उभे असलेले 'शेनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज करून जवळजवळ दुभंगले. दोष केवळ सांध्याचा नव्हता. थंडीत ते पोलादच ठिसूळ होई, आणि रिव्हेटच्या तुकड्यातुकड्यांच्या बांधणीत जी चीर एका पत्र्यापाशी थांबली असती ती वेल्डिंगच्या एकसंध अंगातून थेट पलीकडे गेली.

हे सारे मोठ्या कारखान्यांचे झाले. खेड्यातील शेतकऱ्याच्या गोठ्यात हे यंत्र पोहोचले त्याची हकीकत अधिक रंजक आहे, आणि इतिहासकारांनी तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले आहे. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. शहरातल्या वीज-कंपन्यांना दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत तारा ओढणे परवडत नसे. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते स्थापन केले, १९३६ मध्ये त्यासाठी कायदा झाला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जे मिळाली, आणि वीस वर्षांत चित्र पार पालटले. दिवा आला, पाण्याचा पंप आला, आणि त्यामागोमाग वेल्डिंग-यंत्र आले. ऐन कापणीत यंत्राचा दांडा मोडला की पूर्वी शेतकऱ्यास गावच्या लोहारशाळेत जाऊन रांगेत बसावे लागे. आभाळ भरून आलेले असले तरी इलाज नसे. आता तो तेच काम रात्री स्वतःच्या खळ्यात उरकू लागला. लोहाराच्या ऐरणीवरचा घाव यानंतर अमेरिकेच्या खेड्यातून हळूहळू ऐकू येईनासा झाला, हेही या कथेत नमूद केलेच पाहिजे. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय झाली.

अशा गिऱ्हाइकासाठी यंत्र घडवावयाचे म्हणजे काही पथ्ये पाळणे प्राप्त होते. खेड्यातील वीजवाहिनी दुबळी. एकाने मोठे यंत्र चालू केले की शेजाऱ्याचे दिवे मंदावत. विस्कॉन्सिनमधील ॲपल्टन गावी नील्स मिलर याने १९२९ साली धंदा सुरू केला, तोच मुळी खेड्यातील विजेवर चालेल असे लहान व स्वस्त यंत्र करावे या विचाराने. जॉन लिंकनने १८९५ साली अवघ्या २०० डॉलरांच्या भांडवलावर काढलेली कंपनी आरंभी विद्युत्-मोटारी करीत असे. १९११ मध्ये तिचे वेल्डिंग-यंत्र बाजारात आले. पुढे शेतकऱ्यांसाठी अशा पेट्या बहुतेक सर्वच कंपन्या करू लागल्या आणि सीअर्ससारख्या पेढ्या त्या टपालाच्या सूचिपत्रातून विकू लागल्या.

पेटीच्या पोटात आहे तरी काय? लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्यावर दोन वेटोळी, एवढेच. २३० व्होल्टची वीज आत जाते, आणि सुमारे ८० व्होल्टची होऊन बाहेर येते. ज्वाला पेटली की दाब २५ व्होल्टांपर्यंत उतरतो, पण प्रवाह फारसा ढळत नाही. कारागिराचा हात थोडा थरथरला तरी सांधा बिघडत नाही, याचे रहस्य या मुद्दाम आळशी ठेवलेल्या वेटोळ्यांत आहे. झिजणारा भाग म्हणजे ती कळ, आणि असलाच तर पंखा. म्हणून पन्नास वर्षांचे यंत्रही निर्धोक चालू शकते. मात्र २२५ ॲम्पियरवर दहा मिनिटांतील दोनच मिनिटे काम आणि आठ मिनिटे विश्रांती, हा त्याचा मूळ करार आहे. शेतातील अधूनमधूनच्या दुरुस्तीला तो पुरतो. दिवसभर फाटके घडवू पाहणाऱ्याने तो मोडला की वेटोळ्याचे वार्निश करपते.

जुने यंत्र घेणाऱ्याने प्रथम नामपट्टी वाचावी. लिलावात कारखान्यांतील अवजड यंत्रे कधी कधी मातीमोल किमतीस जातात, ती त्रिकला विजेची असतात म्हणून. घरी एककला वीज असली तर त्यांचा उपयोग लंगर म्हणूनच. नंतर प्रवाह पाहावा. लाल पेटीतून निघतो तो उलटसुलट प्रवाह. ६०११ किंवा ६०१३ क्रमांकाचे रॉड त्यावर उत्तम चालतात, पण ६०१० चा रॉड एकदिश प्रवाहाचा आहे. तो तेथे नीट पेटणार नाही, आणि नवशिका यंत्राला दोष देत बसेल. शक्यतो विकणाऱ्याच्या दारातच एक रॉड जाळून पाहावा आणि कळीच्या प्रत्येक घरावर प्रवाह खरोखर बदलतो की नाही हे तपासावे. प्लग काढून ठेवून पत्रा उघडावा: उंदराने केलेले घरटे, कुरतडलेले वेष्टन, करपल्याचा वास, यांतील काहीही आढळले तर किंमत उतरवावी किंवा नमस्कार करून परतावे.

काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. या यंत्रांना दिव्यापुरती शक्ती लागते असे नाही: ज्वालेत साडेपाच किलोवॅटच्या आसपास शक्ती वापरली जात असता भिंतीतील तारेतून ५० ॲम्पियर वाहतात, म्हणजे साडेअकरा किलोव्होल्ट-ॲम्पियरचा भार. हे अंतर कमी करण्यासाठी काही यंत्रांत कपॅसिटर बसविलेले असत. अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी येण्यापूर्वीच्या कपॅसिटरांत पीसीबी नावाचे विषारी तेल असण्याचा संभव असतो. ते गळत असेल तर हात लावू नये. एकदिश प्रवाह देणाऱ्या कित्येक जुन्या यंत्रांत सेलेनियमच्या चकत्या असतात, त्या जळाल्या तर निघणारा धूर घातक असतो. आणि ८० व्होल्ट म्हणजे क्षुल्लक, असे कोणी समजू नये. घामाने भिजलेले हातमोजे आणि ओली जमीन यांच्या संगतीत एवढा दाब माणसास मारावयास पुरेसा आहे.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात दिसते ती पेटी या लाल पेटीची चुलत बहीणच म्हणावयाची. तिचे वेटोळे तेलाच्या टाकीत बुडविलेले असते, आणि दिवसभराची राबणूक ती त्या तेलाच्या जोरावर सोसते. मुंबईत अडवाणी-ऑर्लिकॉन कंपनी १९५१ साली निघाली, त्यानंतर देशी रॉड आणि देशी यंत्रे यांचा प्रसार वाढत गेला. आता तेथेही आणि येथेही एका हाताने उचलता येणारी इन्व्हर्टरची यंत्रे आली आहेत; त्यांपुढे पन्नास किलोच्या आसपास वजनाची ती पेटी अडगळ वाटावी, यात नवल नाही. पण इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली की गावातल्या माणसास ती सहसा दुरुस्त करता येत नाही, आणि जुन्या पेटीचा गिऱ्हाईक तुटत नाही तो यामुळेच.

अमेरिकेतील जुन्या घरांत मात्र एक सापळा हमखास आढळतो. यंत्र घरी आणल्यावर मोकळे असे २३० व्होल्टचे सॉकेट सापडते ते बहुधा कपडे वाळविण्याच्या यंत्राचे. त्याला तीन पिना असतात, वेल्डिंग-यंत्रालाही तीनच; मग प्लग बदलण्याचा मोह होतो. परंतु जुन्या पद्धतीच्या त्या सॉकेटातील तिसरी पिन जमिनीची नसून तटस्थ तारेची असते, आणि तेथील तार ३० ॲम्पियरची. अशा जोडणीत तटस्थ तार कोठे सैल झाली, तर यंत्राच्या लोखंडी अंगातच वीज उतरते. म्हणून लिलावातील किमतीत नव्या ५० ॲम्पियरच्या वेगळ्या जोडणीचा आणि खऱ्या अर्थिंगचा खर्च मिळवूनच बोली थांबवावयाची असते.