गिरगांवाहून दादरकडे

मुंबईच्या मध्यमवर्गानें दादरचा समुद्रकांठ जवळ केला तो संसार निभावण्यासाठीं, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मृतींत गेली आहे. इ. स. १८९६ सालीं मांडवींत प्लेगनें प्रवेश केला, आणि चाळींतील कोंदट खोल्यांचें भय सर्वांच्या ध्यानीं आलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें पुढें दादर-माटुंग्याकडील जमिनी घेऊन तेथें रुंद रस्ते आंखले.

तरीहि गिरगांवकर गृहस्थाचा पाय लवकर निघेना. शाळा, देऊळ, शेजार सारें तेथेंच. दादर म्हणजे त्याच्या लेखीं गांवाबाहेरचें रान! परंतु एका खोलींत पाळणा, चूल आणि वडिलांची खाट यांची दाटी झाली, म्हणजे अंतराचें भय ओसरतें. १९२५ सालीं माहीमजवळ समुद्रालगतचें विस्तीर्ण मैदान खुलें झालें. १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. भोंवतीं घरें उठलीं, आणि मुलांना वारा व वाळू रोज लाभूं लागली. चाळीच्या गॅलरींत शेजारणीच्या हातीं मूल निर्धास्त सोंपविण्याचें सुख मात्र मागेंच राहिलें.

ज्या भूमीनें तेव्हां बेताच्या मिळकतीस आसरा दिला, तिचे दर आज त्याच मिळकतीच्या आवांक्याबाहेर आहेत. तरुण कुटुंबें आतां वसई-विरारची वाट धरतात. दादरास रस्ते व मैदान आधीं झालें, वस्ती मागाहून भरली. आज हा क्रम बहुधा उलटतो. इतिहासापासून घ्यावयाचा धडा एवढाच.