कचेरी मोर्चे, सातारा–सांगली

कचेरी मोर्चे, सातारा–सांगली : १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात तत्कालीन सातारा जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांवर काढलेले मोर्चे व त्यांतून निर्माण झालेली स्मृतिस्थळे. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

मामलेदार कचेरी हे ग्रामीण जनतेला दिसणारे राज्यसत्तेचे प्रत्यक्ष रूप होते. जमीनमहसुलाचे दप्तर व खजिना यांचा कारभार तेथूनच चाले. त्यामुळे ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेत्यांना अटक झाल्यावर कार्यकर्त्यांनी निःशस्त्र जमावाने कचेरीवर जाऊन तीवर तिरंगा लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २४ ऑगस्ट रोजी कराड येथे मोर्चा निघाला. ३ सप्टेंबर रोजी तासगाव येथे हजारोंचा जमाव कचेरीवर गेला. तेथे रक्तपात न होता ध्वज लागला आणि खुद्द मामलेदारास गांधी टोपी घालावी लागली.

या यशानंतर सरकारचे धोरण कठोर झाले. ९ सप्टेंबर रोजी वडूज (ता. खटाव) येथे वडगावचे परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखालील मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. हाती ध्वज घेतलेले घार्गे धारातीर्थी पडले. या गोळीबारात एकूण नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर (ता. वाळवा) येथील मोर्चावरही गोळ्या झाडण्यात आल्या. तेथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता पंड्या व कामेरीचे विष्णू बारपटे यांना वीरमरण आले. शेतकरी व कारखान्यातील तंत्रज्ञ एकाच मोर्चात पडले, ही गोष्ट आंदोलनाच्या सामाजिक व्याप्तीची द्योतक आहे.

या दोन घटनांनी उघड मोर्चांचे पर्व संपले. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून नाना पाटील प्रभृतींच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारची चळवळ आकारास आली. कचेरी ताब्यात घेता आली नाही, तेव्हा गावोगावी न्यायदान मंडळे स्थापून लोकांनी कचेरीचे काही कामच आपल्याकडे घेतले. सांगली संस्थानातही २४ जुलै १९४३ रोजी वसंतरावदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणेशदुर्गातील तुरुंग फोडला. त्या वेळी अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना प्राणास मुकावे लागले.

स्वातंत्र्यानंतर या कचेऱ्या लोकनियुक्त शासनाच्या झाल्या. १९८० नंतर महाराष्ट्र शासनाने राज्यात दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके उभारली. वडूज येथेही हुतात्म्यांचे स्मारक असून ९ सप्टेंबर हा हुतात्मादिन म्हणून पाळला जातो. स्मारकांपैकी बऱ्याच ठिकाणी पुढे देखभालीचा प्रश्न निर्माण झाला. तथापि ज्या शासनसंस्थेच्या दारात या गोळ्या झाडल्या गेल्या, तिच्याच वारसदार शासनाने मृतांची स्मृती जतन करण्याचे दायित्व स्वीकारले, यात या स्मृतिस्थळांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.