आपत्कालीन गर्भनिरोधक व आहार
असंरक्षित संभोगानंतर गर्भधारणा टळावी म्हणून ठराविक मुदतीत घ्यावयाच्या औषधास आपत्कालीन गर्भनिरोधक म्हणतात. ते उपाशीपोटी घ्यावे की जेवणानंतर, त्याबरोबर काय वर्ज्य करावे, या शंकांचे मूळ औषधाहून जुन्या आहारसमजुतींत आहे.

महाराष्ट्रात पपई, तीळ, गूळ, अननस हे पदार्थ उष्ण समजले जातात. गर्भिणीस ते वर्ज्य मानतात आणि त्याच तर्काने नको असलेला गर्भ पाडण्यासाठी खाल्लेही जातात. पपई मूळची अमेरिकेतील. ती भारतात सोळाव्या शतकात आली. तेव्हा तिच्याविषयीची ही समजूत वाटते तितकी पुरातन नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन होते, पिकलेल्या फळाने होत नाही, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. यावरून पपईस गर्भनिरोधक ठरविता येत नाही. अशा उपायांत खरी हानी होते ती वेळेची.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात समाजस्वास्थ्य मासिक चालविले. परंतु संभोगानंतर घ्यावयाची विश्वसनीय गोळी त्यांच्या हयातीत नव्हतीच. कॅनडातील अल्बर्ट युझ्पे यांनी १९७४ मध्ये दोन संप्रेरकांच्या संयोगाची पद्धत मांडली. तिच्यामुळे मळमळ फार होई. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ मधील चाचणीत युझ्पे पद्धतीने १८·८ टक्के स्त्रियांना, तर केवळ लेव्होनॉर्जेस्ट्रेलाने ५·६ टक्के स्त्रियांना उलटी झाली. भारतात २००५ पासून ही दुसरी गोळी चिठ्ठीशिवाय मिळू लागली.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल (१·५ मिग्रॅ.) अंडमोचन लांबविते, रुजलेला गर्भ त्याने पडत नाही. ते ७२ तासांच्या आत, शक्य तितके लवकर घ्यावयाचे असते. भात, दूध, आंबट वा तथाकथित उष्ण पदार्थ यांनी त्याचा गुण जात नाही. जेवणानंतर घेतल्याने मळमळ टळतेच असेही नाही. म्हणून जेवणासाठी थांबण्यात अर्थ नसतो. मात्र २ तासांच्या आत उलटी झाल्यास मात्रा पुन्हा घ्यावी लागते. युलिप्रिस्टल या नंतरच्या औषधाचे शोषण स्निग्ध आहाराने मंदावते, पण गुणात लक्षणीय फरक पडत नाही.

भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीसारख्या गावांत ही गोळी आशा कार्यकर्तीकडूनही मिळू शकते. पथ्याच्या चौकशीपेक्षा तेथे दुसरी चौकशी महत्त्वाची ठरते : स्त्री क्षयावरील रिफँपिसीन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपीन घेत आहे काय? ही औषधे यकृतातील विकरे वाढवून गोळीचा प्रभाव घटवितात आणि हा परिणाम ती थांबविल्यावरही सुमारे ४ आठवडे टिकतो. अशा वेळी ५ दिवसांच्या आत तांबी बसविणे अधिक खात्रीचे असते. ते शक्य नसल्यास लेव्होनॉर्जेस्ट्रेलाची दुप्पट मात्रा देण्याचा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो.