शबीह ते तैलचित्र : सातारा-सांगली परिसरातील व्यक्तिचित्रण

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मराठी दरबारांत माणसाचे चित्र म्हणजे शबीह, अर्थात डिंकात घोटलेल्या रंगांनी कागदावर काढलेले लहान व्यक्तिचित्र, असेच समजले जाई. ते बहुधा एकचश्म, म्हणजे चेहऱ्याची एकच बाजू दाखवणारे असे, आणि माणसाची ओळख छायाप्रकाशापेक्षा नाकाची रेषा, पगडीची बांधणी व कमरेची कट्यार यांवरून पटे. त्यामुळे चित्रावरचे नाव चुकले की माणूसच बदलत असे. साताऱ्याच्या गादीचे मूळ पुरुष शिवछत्रपती यांचे म्हणून दीर्घकाळ छापले गेलेले चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते, हे वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये समकालीन चित्र पुढे आणून दाखवले. इतिहाससंशोधनाचे ऋण इतके उघडपणे क्वचितच दिसते.

तैलचित्र, म्हणजे तेलात कालवलेल्या रंगांनी कापडावर रंगवलेले मोठे चित्र, या मुलखाच्या कारभाऱ्यांना परिचित झाले ते स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आल्यावर. वाईजवळ मेणवलीस ज्यांचा वाडा आहे त्या नाना फडणवीसांना व सवाई माधवरावांना त्याने रंगवले, आणि शनिवारवाड्यात एतद्देशीय तरुणांसाठी चित्रशाळाही निघाली. १७९५-९६ च्या सुमारास लंडनमध्ये शिकलेला चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनला त्याच ब्रिटिश पद्धतीने रंगवीत होता. मात्र तेथे गावोगाव फिरणाऱ्या चित्रकारांना व्यापारी-शेतकरी कुटुंबेही काम देत, येथे आश्रय बहुतांशी दरबाराचाच राहिला.

त्या आश्रयाला वेगळे वळण दिले औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी. दरबारी भिंत सजवणारा धनी एवढ्यावर न थांबता ते स्वतः कुंचला हाती धरीत, आणि १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय हे राजाच्या हौसेपेक्षा एका अभ्यासकाच्या निष्ठेचे फळ मानणे अधिक न्याय्य ठरेल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून लाहोरला व्यक्तिचित्रे रंगवणारे पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर पुढे औंधलाच येऊन राहिले.

याच संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही मुळात चित्रकार व्हायला जे. जे. त गेले होते. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे ओळखता येत नसल्याने ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी मात्र लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकलेचे धडे घेतले आणि वाडीला परतून ‘किर्लोस्कर’ मासिक चालवले.