सोमवारचं विमान मंगळवारी

१९८२ साली मायक्रोसॉफ्टने संगणकावर विमान उडवायचा खेळ आणला. शिकागोच्या मीग्ज फील्डवरून उड्डाण करायचं; आकाशात आपण एकटेच. २००१ साली आलेल्या आवृत्तीत मात्र इतर विमानंही वेळापत्रकानुसार ये-जा करू लागली. झालं! हौशी मंडळी खऱ्या कंपन्यांची वेळापत्रकं घेऊन कोष्टकं भरायला बसली. ओव्हरटाइम नाही, बोनस नाही! (असा स्टाफ आमच्या ब्रँचला कुठला मिळायला?)

आणि विमान काही दिसेना. बहुधा घोळ घड्याळाचा. कोष्टकात वेळ लागते ग्रिनिचची. मुंबईहून सोमवारी पहाटे ३ ला सुटणारं विमान तिथे रविवारी रात्री ९.३० ला मांडायचं. साडेपाच तास वजा केले, पण वार तसाच ठेवला, की विमान मंगळवारी हजर!

दुसरं दुखणं मात्र बेरीज-वजाबाकीचं नव्हे. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर डेली यांनी मीग्जवर बुलडोझर धाडून धावपट्टीवर फुल्या खोदून टाकल्या. सोळा विमानं अडकली. पुढे खेळातूनही मीग्ज गेला. आता विमानतळच नाही, तर विमान उतरणार कुठे? सरळ हिशेब म्हणजे कोष्टकातली ती ओळ खोडायची. या वेड्यांनी ओळ ठेवली आणि संगणकावर विमानतळच पुन्हा बांधला.