दुसरा साक्षीदार : कॉकपिटच्या उजव्या बाजूचा इतिहास

१/ पावसाळ्यात वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे जाताना एक वळण असे येतेच, जिथे धुके रस्ता, दरी आणि आभाळ एकदमच गिळून टाकते. एसटीचा चालक मग रस्त्याकडेच्या कठड्यावर नजर ठेवून गाडी हळूहळू वर घेतो. आकाशात असा कठडा नसतो. तिथे वैमानिकाला समोरच्या उपकरणांवर विसंबावे लागते. आजचा थ्रेड त्या उपकरणांतील सर्वांत दुर्लक्षित भागाविषयी : सहवैमानिकासमोरील, म्हणजे उजव्या बाजूच्या उपकरणांविषयी.

२/ विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि सहवैमानिक उजवीकडे. उंची, वेग आणि विमानाचा कल दाखवणारी उपकरणे दोघांपुढेही असतात. वरवर पाहता ही निव्वळ पुनरावृत्ती वाटते. प्रत्यक्षात ती दुसरी साक्ष असते. ही साक्ष घ्यायची राहून गेली तर काय होते, हे मुंबईच्या समुद्राने पाहिले आहे.

३/ त्याआधी थोडी पार्श्वभूमी. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण केले आणि विमान उतरवलेही. त्यांच्यापुढे स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज आणि कोल्समन यांचा अचूक उंचीमापक होता. पुढच्या आसनावर मात्र बेन केल्सी हा दुसरा वैमानिक उघड्या डोळ्यांनी बसला होता. ‘आंधळ्या’ उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी दुसरा साक्षीदार विमानात हजर होता.

४/ आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा पस मॉथ विमानात ते एकटेच होते. दिवसाउजेडी, जमीन पाहत उडण्याचा तो काळ होता. पुढे विमाने मोठी झाली, रात्री उडू लागली, ढगांच्याही वर गेली. तेव्हा डोळ्यांची जागा उपकरणांनी घेतली.

५/ १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ रात्री मुंबईहून दुबईला निघाले. विमानात २१३ माणसे होती. किनारा ओलांडताच समोर अंधारा अरबी समुद्र आला. खाली दिवे नाहीत, दूरवर क्षितिज नाही. विमान किंचित उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे यंत्र विमान उजवीकडेच झुकले आहे असे दाखवत राहिले.

६/ कॅप्टनने ‘तोल सावरण्यासाठी’ विमान डावीकडे झुकवले. मुळात सरळ असलेले विमान त्यामुळे डावीकडे कलत गेले, ९० अंशांच्याही पलीकडे. उड्डाणानंतर सुमारे १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही.

७/ या दुर्घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की पुरावा कॉकपिटमध्येच होता. सहवैमानिकाचे स्वतंत्र यंत्र होते आणि मधोमध तिसरे, राखीव यंत्रही होते. डाव्या यंत्राने दगा दिला आणि बाकीच्या उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात चमू अपयशी ठरला, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. माणसाच्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय संथ वळण ओळखू शकत नाही. म्हणून अंधारात यंत्राची खातरजमा दुसऱ्या यंत्रानेच करावी लागते.

८/ आता उंचीकडे वळू. उंचीमापक खरे तर उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने चुकला, तर उंचीत सुमारे २७ फुटांची चूक होते. ४०,००० फुटांवर हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच चुकीचे सुमारे ११० फूट होतात. वर जावे तसा साक्षीदार डळमळीत होत जातो. म्हणूनच २९,००० फुटांच्या वर समोरासमोर येणाऱ्या विमानांत २,००० फुटांचे उभे अंतर ठेवण्याची रीत अनेक दशके होती.

९/ वाहतूक वाढली, आकाश अपुरे पडू लागले. १९९७ पासून उत्तर अटलांटिकवर २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हे अंतर टप्प्याटप्प्याने १,००० फुटांवर आणले गेले. २७ नोव्हेंबर २००३ पासून भारताच्या आकाशातही तोच नियम आला. या पट्ट्यात ६ नवे मजले तयार झाले. त्यांत प्रवेशाची एक प्रमुख अट : विमानात उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात आणि त्यांच्या आकड्यांत २०० फुटांपेक्षा अधिक तफावत नको.

१०/ ही अट जुन्या खासगी विमानांना जड गेली. एकट्या वैमानिकाने चालवता येईल अशा कितीतरी छोट्या विमानांत उजवी बाजू म्हणजे जणू पाहुण्यांसाठी ठेवलेली ओसरी : एखादा साधा उंचीमापक, बाकी मोकळी जागा. मालकांपुढे दोनच मार्ग उरले. एक तर उजवीकडे नवी यंत्रणा बसवून ती तपासून, प्रमाणित करून घ्यायची. नाहीतर २९,००० फुटांच्या खाली, दाट हवेत, अधिक इंधन जाळत उडायचे.

११/ परंतु उजवीकडे नवा पडदा बसवला म्हणजे दुसरा साक्षीदार मिळाला असे होत नाही. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ विमानाची दाब मोजणारी छिद्रे धुलाईच्या वेळी चिकटपट्टीने झाकली होती. ती पट्टी काढायची राहून गेली. दोन्ही बाजूंची उपकरणे एकाच वेळी खोटे बोलू लागली.

१२/ अंधारात वैमानिकांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला उंची विचारली. त्याने रडारच्या पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. पण तो आकडा विमानाच्याच चुकलेल्या यंत्रणेने पाठवलेला होता. समुद्राला टेकतानाही उंचीमापक सुमारे ९,७०० फूट दाखवत होता. ७० जणांचा मृत्यू झाला. तीन साक्षी मिळाल्या होत्या, त्या तिन्ही एकाच तोंडून आलेल्या होत्या.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धोका ओळखीचा आहे. एकाच मूळ पोथीवरून उतरवलेल्या बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत. मूळ लेखकाने वर्ष चुकवले असेल, तर दहाही नकलाकार तीच चूक इमानेइतबारे उतरवतात. बखरीतील मजकूर समकालीन पत्राशी, ते पत्र परकीय दप्तराशी पडताळून पाहावे लागते. त्यांचे जुळणे महत्त्वाचे ठरते, ते त्यांनी एकमेकांचे ऐकून लिहिलेले नसते म्हणूनच.

१४/ उजव्या बाजूच्या आधुनिकीकरणाची कसोटीही हीच. पडदा किती मोठा, चित्र किती सुबक, हे नंतर पाहावे. आधी विचारावे : याला हवेचा दाब कोणत्या नळीतून मिळतो? कल कोणत्या संवेदकाकडून कळतो? वीज कोठून येते? उजवा पडदा डाव्याच यंत्रणेची माहिती दाखवत असेल, तर ती देखणी नक्कल आहे. मार्ग वेगळे असतील आणि आकडे जुळेनासे होताच इशारा मिळत असेल, तरच तो साक्षीदार.

१५/ दोन साक्षीदारांत मतभेद झाला, तर कोणीतरी एक चुकतो आहे एवढेच कळते. कोण, ते ठरवायला तिसरा लागतो. राखीव यंत्राचे स्थान त्यासाठीच. आणि या सगळ्याच्या वर एक माणूस लागतो, जो उजवीकडे बसून डावीकडच्याला वेळेवर आणि स्पष्टपणे सांगेल, की ‘तुमचे यंत्र चुकते आहे.’ १९७८ च्या त्या रात्री यंत्रे पुरेशी होती. त्यांची साक्ष वेळेत घेतली गेली नाही. हा थ्रेड त्या २१३ जणांच्या स्मृतीस.