परसांतील मिरची

घराच्या मागल्या अंगास न्हाणीचें पाणी मुरतें तेथें अळू, दोन केळी, पलीकडे कढीलिंब आणि कुंपणाशीं चारसहा मिरचीचीं झाडें, हें परसाचें चित्र आमच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यांत कोणी परकें असेल अशी शंकाही मनांत येत नाहीं. अळू, केळ व कढीलिंब या देशांत फार जुनीं. मिरची मात्र अमेरिकेची. मेक्सिकोकडे हजारों वर्षें तिची लागवड होत आली होती. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं ती युरोपास ठाऊक नव्हती, आणि वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं. त्याआधीं आमच्या कोणाच्याही परसांत तिचें रोप असणें संभवत नाहीं.

एवढें मान्य केलें कीं एक अडचण उभी राहते. अरणचे सांवता माळी शके १२१७ मध्यें, म्हणजे १२९५ सालीं समाधिस्थ झाले. त्यांच्या नांवावर जो अभंग सर्वांच्या तोंडीं आहे, त्यांत मळ्यांतील भाज्यांच्या ठायीं विठ्ठल पाहिला आहे. आणि त्या भाज्यांत मुळा, कोथिंबीर यांच्या पंक्तीस मिरचीही बसली आहे. दोनशें वर्षें आधीं ती तेथें आली कोठून?

कोणी म्हणतील, मूळ पाठ 'मिरी' असा असावा. मिरचीचें नांव मिरीवरून पडलें हें खरें. पण काळ्या मिरीचा वेल कोंकण-मलबारच्या दमट सावलींत वाढणारा. माढ्याच्या कोरड्या रानांत, कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारीं तो कोण लावील? दुसरे अधिक कडक परीक्षक म्हणतील, अभंगच प्रक्षिप्त, सोडून द्या. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो. असलीं पदें कागदापेक्षां गळ्यावर अधिक जगलीं. दिंडींत गाणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें सांवतोबांचा वाफा नसतो, स्वतःचा असतो. त्याच्या वाफ्यांत मिरची आली तेव्हां ती अभंगांतही शिरली असावी, असा आमचा तर्क आहे. तेवढ्या एका शब्दासाठीं सबंध अभंग खोटा ठरविणें म्हणजे एका रोपासाठीं मळा उपटणें होय.

ती केव्हां शिरली, याचा थोडा अदमास बांधतां येतो. गोव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानें होतें व तेथील आपल्या आंब्यांचें त्याला मोठें कौतुक. त्यानें मिरीवर एक सबंध संवाद खर्च केला आहे. मिरचीवर मात्र संवाद नाहीं. गोवें १५१० सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, तरी पुढें पन्नास वर्षें मिरची वैद्यांच्या नजरेंत भरण्याजोगी झाली नव्हती, असें दिसतें.

पुढें मात्र तिला राजाज्ञेची किंवा व्यापाऱ्याची फारशी गरज उरली नसावी. मिरीच्या वेलाला आधाराचें झाड हवें, पाऊस हवा, आणि फळ धरण्यास तीन-चार वर्षें थांबण्याचा धीर हवा. मिरची रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत हातीं येते. वाळलेल्या एका मिरचीत सबंध वाफ्याचें बीं असतें. आणि पांखरांना तिचा तिखटपणा लागत नसल्यामुळें तींही तें बीं पसरवितात. ज्या घरांत मिरी विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरच्या बाईनें फोडणीपूर्वीं झाडलेलें बीं मोरीच्या कडेला टाकलें, कीं पुढच्या हंगामाचें तिखट घरचें झालें.

परक्यांना जवळ करण्याची आमची रीत मोठी चमत्कारिक आहे. अमेरिकेंतूनच आलेल्या फळांना आम्हीं सीताफळ, रामफळ अशीं नांवें देऊन टाकलीं. सांवतोबांच्या वाफ्यांतील कांदा व लसूण या देशाचे जुने रहिवासी. पण एकादशीस त्यांना स्वयंपाकघराची वाट बंद. रताळें, बटाटा व भुईमूग हे तिघेही अमेरिकेचे. ते त्या दिवशीं खुशाल ताटांत येतात, आणि त्यांच्या जोडीला परसांतून नुकतीच तोडून आणलेली हिरवी मिरचीही असते.